हाताच्या टप्प्यातले सावज

आमच्या आजोळी ओटीवरून माजघरात शिरताना दाराच्या चौकटीवर सांबराची शिंगे लावलेली आहेत. खेड तालुक्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे घर. नाना शिकारी होते, बाराबोरची परवान्याची बंदूक त्यांच्याकडे होती. 1972 चा वन्यजीव कायदा आला, तेव्हा नाना थकले होते. बंदूक जमा झाली, शिंगे मात्र राहिली. 2003 मध्ये सरकारने अशा जुन्या वस्तू जाहीर करायला मुदत दिली, तेव्हा मोठ्या मामूंनी कागदपत्रे करून शिंगांचीही रीतसर नोंद करून घेतली. म्हणून ती आजही तिथे आहेत.

मागच्या हिवाळ्यात घरात लग्न होते. त्यासाठी केपटाउनहून आमचा एक भाचा आला होता. खेड-मुरूडकडची कितीतरी कोकणी मुसलमान कुटुंबे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. हा त्यांच्यातलाच, चौथ्या पिढीतला. कोकणी बोलतो, पण आठवून आठवून. हळदीच्या रात्री ओटीवर बसून त्याने मोबाइलमधली छायाचित्रे दाखवायला सुरुवात केली. मित्रांबरोबर तो खासगी शिकारवाडीत जातो. कुडू, जेम्सबॉक, एक रानरेडा. शिंगांकडे बघत त्याने विचारले, ‘मामू, इथं सगळ्यांत अवघड शिकार कोणाची?’

प्रश्न साधा होता. लहानपणी नानांना आम्हीच तो दहा वेळा विचारला असेल आणि दहा वेळा वेगवेगळे उत्तर मिळाले असेल. कधी गवा, कधी डुक्कर, तर एकदा नुसतेच ‘जेवा आणि झोपा’. त्या रात्री आम्हीही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. अवघड म्हणजे काय? कोणासाठी अवघड? आणि अवघड असणे हा शिकारीचा गुण कधीपासून झाला?

भाच्याच्या देशात या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे. तिथे ‘बिग फाइव्ह’ म्हणतात : सिंह, बिबट्या, हत्ती, काळा गेंडा आणि आफ्रिकेतला रानरेडा, ज्याला केप बफेलो म्हणतात. आज ही नावे सहलींच्या जाहिरातीत दिसतात. दक्षिण आफ्रिकेच्या रँडच्या नोटांवरही हीच पाच जनावरे छापलेली आहेत. पण यादी मूळची पर्यटकांची नाही, शिकाऱ्यांची आहे. आकार हा निकष असता, तर जिराफ आणि पाणघोडा त्यात आले असते. पायी माग काढून मारायला अवघड आणि मारताना धोक्याची, अशी ही पाच. बिबट्या त्यांत सगळ्यांत लहान, भारदस्त माणसापेक्षाही हलका. पण तो रात्रीचा, एकटा आणि दहा पावलांवर असूनही न दिसणारा. हत्तीमागे दिवसदिवस चालावे लागते. गेंड्याला दिसते कमी, पण वास फार लांबून येतो, आणि त्याच्या अंगावर बसणारे पक्षी उडून त्याला सावध करतात ते वेगळेच.

रानरेड्याबद्दल जुने शिकारी सर्वांत जास्त लिहितात. नर सातशे-आठशे किलोचा. दोन्ही शिंगे कपाळावर एकत्र येऊन ढालीसारखे हाड तयार होते. गोळी लागली आणि वर्मी बसली नाही, तर तो दाट झाडीत शिरतो, वळसा घेतो आणि आपल्याच मागाच्या कडेला वाट पाहत उभा राहतो. मागावरचा शिकारी खाली बघत चालत येतो आणि बाजूने रेडा येतो. शिकाऱ्यांच्या बोलण्यात त्याला सूडाची बुद्धी आहे. आम्हाला मात्र हे वर्णन वाचताना वेगळेच काही दिसले. गोळी लागण्यापूर्वी हाच रेडा माणसाचा वास आला की बहुधा निघून जातो. जखमी बिबट्याचे तेच. आपल्या पहिल्या चुकीच्या गोळीने जे आपण तयार केले, त्यालाच आपण पुढे आव्हान म्हणतो. अवघडपणाचा मोठा हिस्सा जनावर जन्माला येताना घेऊन येत नाही.

कुमाऊंमधली चंपावतची वाघीण आठवावी. 1907 मध्ये जिम कॉर्बेटने तिला मारले, तेव्हा तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून 436 माणसांचे बळी होते. इतक्या शिकाऱ्यांना तिने चकवले होते की तिच्याइतके अवघड सावज दुसरे क्वचितच सांगता येईल. मारल्यावर कॉर्बेटने तिचे तोंड पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. तो जुन्या बंदुकीच्या गोळीचा परिणाम आहे आणि त्यामुळेच नेहमीचे सावज तिला धरता येईना, असे त्याने लिहून ठेवले आहे. कोणीतरी गोळी झाडली, नेम चुकला, तो घरी गेला. पुढच्या चारशेहून अधिक माणसांचा आणि त्या माणसाचा हिशेब कोणी मांडला नाही. त्याचे नावही कोणाला माहीत नाही. कदाचित आयुष्यभर तो मित्रांना सांगत राहिला असेल की एकदा एका वाघिणीला मी जखमी केले होते.

अवघडपणाचा दुसरा हिस्सा शिकारी स्वतःहून पदरात घेतो. जीपमधून मारायचे नाही, दिव्याच्या झोतात मारायचे नाही, कुंपणात अडकलेले मारायचे नाही. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्टने 1887 मध्ये शिकाऱ्यांचा क्लब काढला आणि तिथून न्याय्य शिकारीची ही कल्पना नियमांच्या रूपात रुजत गेली. कल्पना वाईट नाही. सावजाला निसटण्याची संधी असली पाहिजे, हे तिचे सार. 1902 मध्ये मिसिसिपीत रूझवेल्टसाठी माणसांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणार नाही, असे तो म्हणाला. वर्तमानपत्रांत व्यंगचित्र आले आणि मुलांच्या खेळण्यातले ‘टेडी बेअर’ जन्माला आले. पुढची गोष्ट खेळणी विकणारे सांगत नाहीत. ते अस्वल घायाळ होते, त्याला यातनेतून सोडवा असे रूझवेल्टनेच सांगितले आणि ते सुरीने मारण्यात आले. नंतर 1909-10 मध्ये हाच गृहस्थ मुलाला घेऊन आफ्रिकेत गेला. संग्रहालयाच्या नावाने निघालेल्या त्या मोहिमेत बापलेकांनी मिळून 512 जनावरे मारली. सारी नियमाने. न्याय्यपणाला आकड्याची मर्यादा नव्हती.

इथे आम्हाला एक अडचण दिसते, आणि ती शिकारीपुरती नाही. स्वतःवर बंधने घालून घेतली की माणसाला वाटते, आपण नैतिक झालो. पण ती बंधने कोणासाठी? सावजाला संधी देणे हे सावजावरचे उपकार आहेत, की शिकाऱ्याच्या आनंदाची गरज? बांधलेले जनावर मारण्यात गंमत नाही, म्हणून ते मारायचे नाही. निसटू शकणाऱ्याला मारण्यात गंमत आहे, म्हणून त्याला मारायचे. जनावराच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे मरणच आहे. परीक्षा आमची आणि फी त्याने भरायची.

भुकेल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. आपल्याकडच्या फासेपारध्याला विचारा, चांगली शिकार कोणती? सोपी ती चांगली. तो फास लावतो, तितराची बोली बोलून तितर बोलावतो, सशाची वाट ओळखतो. त्याचे कसब अचाट आहे. पण कसब दाखवण्यासाठी तो जनावर निवडत नाही. सावजाने अवघड असावे, असे घरात चूल पेटायची असताना कोणाला वाटेल? अवघडपणाची हौस भरल्या पोटी येते. आणि इतिहासाची गंमत अशी, की इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्या यादीत पारधी आले. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून आजही पुरता पुसलेला नाही. ज्यांनी हत्तींच्या रिंगणात कोंडून वाघ मारले, त्यांची तैलचित्रे मात्र राजवाड्यांत टांगलेली आहेत. 1911 च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि त्याच्या सोबत्यांनी नेपाळच्या तराईत दहा-अकरा दिवसांत 39 वाघ आणि 18 गेंडे मारले. त्याला कोणी गुन्हेगार म्हटले नाही.

आम्ही शाकाहाराचा पुरस्कार करतो आहोत, असा गैरसमज वाचकांनी करून घेऊ नये. बकरी ईदला आमच्या घरी कुर्बानी होते आणि लग्नात बिर्याणी होती, तीही आम्ही दोनदा घेतली. जनावर मारणे आणि जनावर मारण्याचा शौक करणे यांत फरक कुठे आहे, तो शोधतो आहोत.

हा फरक आपल्या परंपरेत फार जुना आहे. अदी बिन हातिम यांनी प्रेषितांना शिकारीबद्दल विचारले होते. तय जमातीचे अदी, दानशूर हातिमताईंचे चिरंजीव. त्यांना मिळालेली उत्तरे हदीसच्या ग्रंथांत आहेत. शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडलात आणि त्याने सावज धरून ठेवले, तर ते खा. पण त्याने त्यातले खाल्ले असेल, तर खाऊ नका, कारण मग त्याने ते तुमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी धरले. बाण लागलेले जनावर पाण्यात पडलेले आढळले, तर खाऊ नका, कारण ते बाणाने मेले की बुडून, हे कळायला मार्ग नाही. बाणाचे टोक लागून रक्त आले तर ठीक, पण बाण आडवा लागून नुसत्या माराने मेले, तर नाही.

लहानपणी मदरशात हे ऐकताना आम्हाला ही स्वयंपाकघरातली कलमे वाटायची. आता वाटते, यांतले एकही कलम मुळात जेवणाचे नाही. ती मरणाच्या जबाबदारीची आहेत. जे मेले ते कशाने मेले, हे तुला माहीत आहे का? तुझ्या हाताने मेले की कसेतरी मेले? आणि ज्याने धरले, त्याने कोणासाठी धरले? कुत्र्याबद्दलचे ते वाक्य तर आमच्या मनात रुतून बसले आहे. भिंतीवर लावायला मुंडके घेऊन जाणारा शिकारी कोणासाठी धरतो? कुत्र्याला जो नियम, तो धन्याला लावला तर त्याच्या सावजाचे काय होईल?

शिवाय सुळ्यांचा हिंस्र प्राणी खाणे आपल्याकडे वर्ज्य आहे. म्हणजे त्या पाच मोठ्यांपैकी सिंह आणि बिबट्या गेले, बहुतेकांच्या मते हत्तीही गेला. ताटात निर्धास्त घेता येईल असा उरतो एकटा रानरेडा. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो मोठ्याने हसला. म्हणाला, ‘म्हणूनच मी रेडा मारला, मामू.’ तो खोटे बोलत नव्हता. रेड्याचे मांस त्यांनी वाटले होते, त्याचीही छायाचित्रे होती. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करू नका, ही मनाई त्यालाही ठाऊक होती. माणूस सरळ आहे. पण आम्ही विचारले, ‘मांसच हवे होते, तर रेड्याइतके पैसे मोजायची काय गरज होती?’ त्यावर तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तो समोर उभा राहतो ना, तेव्हा छातीत जे होतं ते बाजारात मिळत नाही.’ प्रामाणिक उत्तर होते. आम्हाला त्याला खोडून काढता आले नाही.

सूरह अल-माइदामध्ये एक प्रसंग सांगितला आहे, त्याकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. इहराम बांधलेला असताना शिकार मना आहे. आणि त्याच वेळी, हाताला आणि भाल्याला सहज लागेल इतक्या जवळ सावज पाठवून परीक्षा घेतली जाईल, असे श्रद्धावंतांना बजावले आहे. न दिसणाऱ्या अल्लाहचे भय कोण बाळगतो, हे उघड व्हावे म्हणून. जाणूनबुजून मारले, तर भरपाई आहे : तसेच पाळीव जनावर कुर्बान करणे, किंवा गरिबांना जेवण, किंवा रोजे. (समुद्रातली शिकार मात्र तेव्हाही मोकळी आहे. आम्हा कोकण्यांना हे ऐकून फार बरे वाटते.) इथे आव्हानाची सारी मांडणीच उलटी आहे. जगभरचे शिकारी म्हणतात, जे हाताला लागत नाही ते अवघड. इथे सांगितले आहे, हात लांबवला की मिळेल आणि पाहणारा कोणी नाही, ते अवघड.

असे हाताच्या टप्प्यातले सावज एका बादशहासमोर आले होते. 1578 साली पंजाबात भेऱ्याजवळ अकबराचा कमरगा चालू होता. कमरगा म्हणजे हाक्याचे महाकाय रूप. हजारो माणसे मैलोगणती कडे करून जनावरे मधोमध हाकलत आणायची आणि कडे दिवसेंदिवस आवळत न्यायची. शेवटी बादशहा आत शिरायचा आणि कोंडलेली जनावरे मारायचा. भेऱ्याला कडे आवळत आले होते आणि एका झाडाखाली अकबराची काहीतरी विलक्षण मनःस्थिती झाली. त्याने हुकूम दिला, शिकार बंद, सारी जनावरे सोडून द्या. अबुल फजल आणि बदायुनी या दोघांनीही हे नोंदले आहे. हे दोघे सहसा एकमेकांशी सहमत होत नाहीत, म्हणून प्रसंग घडला यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तेव्हा नेमके काय झाले, यावर इतिहासकार आजही तर्क करतात. आम्हाला तर्कात रस नाही. हजारो माणसांचे अनेक दिवसांचे श्रम, समोर कोंडलेली जनावरे, हातात शस्त्र, आणि थांबणे. त्या दिवशी कड्यातले कोणते जनावर मारायला अवघड होते? एकही नाही.

त्याचा मुलगा जहांगीर वेगळ्या मातीचा. त्याने वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेबच मांडून ठेवला आहे. स्वतःच्या हाताने मारलेली 17,167. त्यांत वाघ-सिंह 86. आणि कबुतरे 10,348! मोठ्या शिकारीच्या वह्या अशा बारकाईने पाहिल्या, तर बऱ्याच वह्यांत कबुतरेच जास्त निघतील असा आम्हाला संशय आहे. पण याच जहांगीराने एका माणसाळलेल्या हरणाच्या आठवणीसाठी लाहोरजवळ शेखूपुऱ्याला मिनार बांधला. नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याने नवस केला की बंदुकीने शिकार करणार नाही. मूल बरे झाले. नवस काही वर्षे पाळला. पुढे खुर्रमने, म्हणजे शाहजहानने, बंड केले आणि रागाच्या भरात बापाने पुन्हा बंदूक उचलली. मुलावरचा राग रानातल्या जनावरांनी सोसला. पाच पिढ्यांनंतर आपल्या घरांतही रागाचे असेच काहीतरी होत असते, पण तो विषय वेगळा.

इतके वाचून कोणी म्हणेल की शिकार वाईट हे ठरवूनच हा लेख लिहायला घेतला आहे. तसे नाही, कारण मारखोरपाशी येऊन आमचेही मत अडखळते. मारखोर हा पिळाच्या शिंगांचा रानबोकड. चित्राल, गिलगिट-बाल्टिस्तान, बलुचिस्तानातले तोरघर अशा पहाडांत राहतो. सरळ कड्यांवर, जिथे माणसाचा पाय टिकत नाही. अवघड शिकारींच्या कुठल्याही यादीत तो वरच्या बाजूला असतो. एके काळी वारेमाप शिकारीने तो संपत आला होता. मग पाकिस्तानात वर्षाला मोजक्याच, आता बारा, म्हाताऱ्या नरांचे परवाने लिलावाने विकायला सुरुवात झाली. गेल्या काही वर्षांत एकेका परवान्याला दोन लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम आली आहे. तिच्यातला ऐंशी टक्के हिस्सा त्या पहाडांतल्या गावांना मिळतो. पूर्वी जे गावकरी मारखोर मारून खायचे, तेच आता राखण करतात. 2015 मध्ये जागतिक यादीत मारखोर ‘संकटग्रस्त’ गटातून खालच्या, कमी धोक्याच्या गटात आला.

म्हणजे श्रीमंताच्या हौसेने जनावराची जात वाचली. नियत त्याची हौसेची, फळ सर्वांच्या भल्याचे. आता काय म्हणावे? कर्मांचे मोल नियतीवर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण गावातल्या शाळेला आणि दवाखान्याला त्या शिकाऱ्याची नियत विचारून चालत नाही. आम्हाला वाटते, ती व्यवस्था चालू राहू द्यावी आणि त्या शिकाऱ्याचे कौतुक करू नये. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र हाच युक्तिवाद फार सैल झाला. कुंपणाच्या आत सिंह पैदा करायचे, बछडी पर्यटकांना कुशीत द्यायची आणि मोठा झाला की तोच सिंह गिऱ्हाइकाला गोळी घालायला द्यायचा. हा उद्योग बंद करण्याचे धोरण तिथल्या सरकारने 2021 मध्ये जाहीर केले. तिथे रान वाचत नव्हते, गाव जगत नव्हते. आणि ज्याला आव्हान म्हणून विकले जात होते, ते बाटलीने दूध पाजून वाढवलेले होते.

आपल्या महाराष्ट्रातली अवनी तर फार लांबची गोष्ट नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात सुमारे दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूशी या वाघिणीचे नाव जोडले गेले. गुराखी, शेतकरी, कापसाच्या रानात जाणारी माणसे. 2018 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. तिच्या शोधात कॅमेरे होते, ड्रोन होते, हत्ती होते, परदेशी जातीचे कुत्रे होते. पुरुषांचे एक विलायती अत्तरही फवारले गेले, कारण त्याच्या वासाने मोठी मांजरे रेंगाळतात म्हणे. वाघीण आठवडेच्या आठवडे हाती आली नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळीने मेली. मागे दहा महिन्यांची दोन बछडी राहिली. बेशुद्ध करण्याचे प्रयत्न रीतसर झाले का, यावर चौकशा झाल्या, वाद झाले. शहरांत लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले आणि त्या गावांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले.

आम्ही तेव्हा शहरात होतो आणि मेणबत्तीवाल्यांच्या बाजूचे होतो, हे कबूल करतो. नंतर त्या भागातल्या एका शिक्षकमित्राने फोनवर एवढेच विचारले, ‘तुमच्या घरून मशिदीपर्यंत किती अंतर? फजरला जाताना कधी मागे वळून बघितलंत?’ ज्या बाईचा नवरा गेला, तिच्यासाठी ती वाघीण आव्हान नव्हती, सावज तर मुळीच नव्हती. हौसेने मारणाऱ्याला जो प्रश्न विचारायचा तो तिला विचारता येत नाही. पण तिच्या नावाने बंदूक उचलणाऱ्याला मात्र विचारलाच पाहिजे. गरज तिची असते, मोहीम दुसऱ्या कोणाची तरी होते, आणि मोहिमेत हळूहळू तोच जुना उत्साह भिनतो. खुलासे देण्याची पाळी येते ती नेमकी तिथे.

आता नानांच्या शिंगांविषयी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने खुर्चीवर चढून ती वितीने मोजली. एक शिंग चार विती आणि वर चार बोटे. म्हणाला, ‘रेकॉर्ड नाही, पण ट्रॉफी चांगली आहे.’ तेव्हा आम्ही त्याला खाली उतरवले आणि नानीकडून ऐकलेली हकीकत सांगितली. नाना स्वतः ती कधीच बोलले नाहीत.

साठच्या आसपासचे साल असावे. रमजानचा शेवटचा रोजा. इफ्तारीच्या थोडे आधी, उजेड उतरताना, नाना ओढ्याच्या वरच्या अंगाला होते. ईदच्या दिवशी घरात शिकारीचे मटण असावे, ही इच्छा. सांबर पाण्यावर आले. गोळी झाडली, लागली, पण पोटात. सांबर रानात शिरले आणि अंधार झाला. नाना घरी आले, पाण्यावर रोजा सोडला आणि जेवले नाहीत. पहाटे कंदील घेऊन निघाले. नानीने अडवले, ‘आज ईद आहे, नमाज तरी पढून जा.’ नाना म्हणाले, ‘नमाज माझी वाट बघणार नाही, ते बघतंय.’ आणि गेले. ईदगाहात त्यांची जागा रिकामी होती. गावात बोलणे झाले. एका सांबरापायी ईदची नमाज सोडली, असे लोक म्हणाले, आणि त्यांचे चुकले असेही आम्हाला म्हणवत नाही. त्यावर आमच्या घरात अजून दोन मते आहेत. थोरले मामू आजही म्हणतात, बाबांनी नमाज पढून जायला हवे होते, दोन तासांनी काय बिघडणार होते? धाकटे म्हणतात, दोन तास तुम्ही पोटात गोळी घेऊन काढून दाखवा.

सांबर ईदच्या तिसऱ्या दिवशी सापडले. मेलेले. त्याच्या अंगाला मुंग्या लागल्या होत्या. नानांनी तिथेच खड्डा खणून ते पुरले, तीही लोकांना विचित्र वाटण्यासारखीच गोष्ट, आणि शिंगे तेवढी घरी आणली. रोज घरात शिरताना दिसावीत अशी लावली. त्या संध्याकाळी खतीबसाहेबांच्या घरून शीरखुर्म्याचे भांडे आले. त्यांनी निरोप काहीच दिला नव्हता.

भाचा बराच वेळ शिंगांकडे बघत होता. मग त्याने विचारले, ‘त्यानंतर नानांनी शिकार सोडली?’

नाही, सोडली नाही. पुढेही भेकर मारले, ससे मारले. शेतात धुडगूस घालणारी डुकरे शेजाऱ्यांच्या विनंतीवरून मारली, ती शेजारीच उचलून नेत. पण दिवस कलल्यावर नानांनी पुन्हा कधी गोळी झाडली नाही. बरोबरची माणसे सांगायची, सावज दहा हातांवर येऊन उभे राहिले तरी नाना आभाळाकडे बघायचे, उजेड किती राहिला आहे ते पाहायचे आणि बंदूक खांद्याला लावून घरची वाट धरायचे.